सूर्यास्तापूर्वीचा मुक्काम

परळ भोईवाड्याहून कोल्हापूर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. आईचा नित्य चौविहार आणि बाहेरचे अन्न वर्ज्य. त्यामुळे धाकट्या मावशीची भेट सहा वर्षे लांबली होती. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तेव्हापासून मनात असलेला विचार यंदा अमलात आणला. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी भाड्याने घेतली. शिधा घरचा, पाणी गाळलेले. कऱ्हाडच्या अलीकडे दिवस असतानाच गाडी थांबवून मुगाची खिचडी केली. चालत्या गाडीत शेगडी पेटवू नये. भाडे साध्या मोटारीपेक्षा अधिक पडले; परंतु व्रत अभंग राहिले आणि दोघी बहिणी भेटल्या. व्रतस्थ ज्येष्ठांच्या कुटुंबीयांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा.