वाटणी आणि वैराग्य

आत्म्याविषयीचा आपल्याकडचा एक अतिशय गाजलेला संवाद मालमत्तेच्या वाटणीपासून सुरू होतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे. निघण्यापूर्वी मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी पत्नींमध्ये वाटणी करून द्यावी, असं त्याच्या मनात आहे. मैत्रेयी आपल्या वाट्याला काय येणार हे विचारत नाही. धनानं भरलेली अख्खी पृथ्वी माझी झाली तर मी अमर होईन का, असं विचारते. नाही, तो सांगतो. सधन माणसं जगतात तसं तू जगशील, पण धनातून अमरत्वाची आशा धरू नये. मग ते घेऊन मी काय करू, तुम्हाला जे ठाऊक आहे तेच मला सांगा, असं ती म्हणते. वैराग्याची चर्चा आपण बहुधा भगव्या वस्त्रांपासून आणि हिमालयापासून सुरू करतो. या ग्रंथानं ती घरातल्या वाटणीपासून सुरू केली, आणि माझ्या मते तीच तिची खरी जागा आहे. 'माझं' म्हणून आपण काय काय धरून बसलो आहोत, हे पाहिल्याशिवाय 'मी'पर्यंत पोचताच येत नाही.

याज्ञवल्क्याचं उत्तर पहिल्या वाचनात खटकतं. पती, पत्नी, मुलं, धन ही त्यांच्यासाठी प्रिय नसतात, आत्म्यासाठी प्रिय असतात, असं तो म्हणतो. हा उघड स्वार्थ झाला, असं कुणीही म्हणेल. पण तो आत्मा म्हणजे कोण, हे पुढे कळतं तेव्हा आक्षेप टिकत नाही. पाण्यात मिठाचा खडा टाकला की तो वेगळा काढता येत नाही, पाणी कुठूनही घ्या, खारटच लागतं. तसं हे तत्त्व सगळीकडे भरलेलं आहे, असं तो सांगतो. आणि लगेच म्हणतो की गेल्यानंतर संज्ञा उरत नाही. इथे मैत्रेयी गोंधळते आणि तसं स्पष्ट बोलूनही दाखवते. तिला वाटलं होतं की अमरत्व म्हणजे आपणच पुढे चालू राहणं. याज्ञवल्क्य समजावतो: जिथे दोन असतात तिथे एक दुसऱ्याला पाहतो, जिथे सगळं आत्माच झालं तिथे कुणी कुणाला पाहायचं? जो जाणतो त्यालाच जाणायचं कशानं? म्हणजे या शाश्वत आत्म्याला नाव नाही, नातं नाही, सातबाराही नाही. जे टिकतं ते मालक नाही, आणि जो मालक म्हणवतो तो टिकत नाही. सगळं वैराग्य या एका भेदावर उभं आहे.

ब्रह्मसूत्रावरच्या भाष्याच्या आरंभीच शंकराचार्यांनी हीच गफलत उलगडून दाखवली आहे. माणूस स्वतःला लठ्ठ म्हणतो, रोड म्हणतो, आंधळा म्हणतो. बायकामुलांना काही झालं तर आपल्यालाच झालं असं मानतो. शरीराचे आणि आप्तांचे गुण तो स्वतःवर लादतो. आजचा वाचक यावर म्हणेल की मेंदूला इजा झाली की स्मृती जाते, स्वभाव बदलतो, भूल दिली की अनुभवच थांबतो. मग शरीरापलीकडचा 'मी' उरला कुठे? आक्षेप रास्त आहे. स्मृती आणि स्वभाव म्हणजेच आत्मा असं मानणाऱ्यांना त्यानं निरुत्तर करायलाही हवं. पण याज्ञवल्क्यानं या गोष्टींवर कधी भिस्त ठेवलीच नव्हती. मेंदूच्या अभ्यासातून त्याचं म्हणणं सिद्ध होत नाही, हे खरं; पण जे खोडलं जातं ते त्याचं म्हणणं नव्हे.

याहून कठीण आक्षेप बुद्धाचा. सारनाथला पहिल्या पाच भिक्षूंना त्यांनी सांगितलं की रूप असो, वेदना असो, ती आपल्या आज्ञेत नाही; तेव्हा ते माझं नाही, तो मी नाही. त्यांच्या वैराग्याला शाश्वत आत्म्याची गरज पडली नाही. डॉ. आंबेडकरांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात आत्म्याची कल्पना नाकारली. मला वाटतं, वेदान्ती आणि बौद्ध शेवटाला काय उरतं यावर भांडतात. काय सोडायचं यावर त्यांचं भांडण नाही. सोडायचा तो दावा.

दावा सोडणं आणि जबाबदारी सोडणं यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि इथे देहूचं उदाहरण याज्ञवल्क्याहून जवळचं वाटतं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळानं तुकोबांचं घर उद्ध्वस्त केलं. पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बसला. घरात सावकारीची खतं होती. परंपरा सांगते की तुकोबांनी त्यांची वाटणी केली. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. भावाच्या हक्काला हात लावला नाही, त्याला वैराग्याचा उपदेश केला नाही. ज्यांच्याकडून येणं होतं त्यांची मान मोकळी झाली. आणि तुकोबा देहूतच, संसारातच राहिले. या निर्णयाची झळ त्यांच्या दुसऱ्या पत्नीला, जिजाईला सोसावी लागली, हेही विसरता कामा नये. तिची तक्रार खरी होती.

म्हणूनच दुसऱ्याला वैराग्य शिकवणाऱ्याकडे संशयानं पाहावं. देह नश्वर आहे, सोस, असं उपाशी आणि अपमानित माणसाला सांगणारे आपल्याकडे कमी झाले नाहीत. चोखोबा आणि सोयराबाईंनी त्यांचाच सिद्धान्त त्यांच्यापुढे ठेवला: विटाळ असेल तर तो देहाचा, आणि देह तर सगळ्यांचाच तसा, मग सोवळा कोण? १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकूस कोसळून चोखोबा गेले. प्रश्नाला उत्तर देणं कुणाला जमलं नाही, तरी विठ्ठलाच्या मंदिराचं दार त्यांच्या लोकांना सहा शतकं बंदच राहिलं. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, ते बाहेर उभ्या असलेल्यांनी आणखी सोसावं म्हणून नव्हे. दार आपलं आहे असं मानणाऱ्यांनी तो दावा सोडावा, एवढीच त्यांची मागणी होती.