जुने इंजिन, पहिली वीस मिनिटे आणि बंद गॅरेज

ऑक्टोबर 2023च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. काळी-पिवळी रस्त्यावरून गेली, पण घरच्या जुन्या गाडीवरची माया गेलेली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात 1964 पासून 'फियाट 1100 डिलाइट' या नावाने निघालेली आणि सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झालेली ही गाडी आजही काही घरांच्या दारात कव्हराखाली उभी दिसते. पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियमही आले. त्यामुळे वडिलांची वा आजोबांची गाडी पुन्हा चालू करण्याचा छंद ठाण्यात, अगदी वर्तकनगरसारख्या दाट वस्तीतही, कुणाला ना कुणाला असतोच.

या छंदातला सर्वांत उत्कंठेचा क्षण म्हणजे नव्याने बांधलेले इंजिन पहिल्यांदा चालू करणे. महिनोन् महिने खपून रिबोअर झालेले असते, नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग बसवलेली असतात. घरचे सगळे भोवती जमलेले असतात. अशा वेळी घाई होते आणि ती इंजिनाला तशीच माणसालाही भोवते.

आधी इंजिनाचे पाहू. धावत्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना जवळजवळ टेकतच नाहीत. मध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि फिरणारा क्रँक त्यावर तरंगतो. नव्या इंजिनाच्या तेलवाहिन्या मात्र कोरड्या असतात. थेट किल्ली फिरवली, तर पंपाने तेल पोहोचवेपर्यंत धातूवर धातू घासतो. म्हणून बांधतानाच बेअरिंग व कॅमशाफ्टला दाट वंगण लावतात. नंतर तेल भरून, प्लग काढून आणि कॉइलची वायर सोडून थोडा थोडा सेल्फ मारतात. प्लग नसल्याने दाब साठत नाही, इंजिन हलके फिरते आणि पंप तेल वर खेचतो. तेलाचा लाल दिवा विझल्यावरच प्लग पुन्हा बसवायचे.

त्याआधी रेडिएटर भरून त्यातली हवा काढणे, टॅपेटचे अंतर तपासणे आणि पहिल्या सिलिंडरच्या दाबाच्या फेरीवर टायमिंग जुळवणे ही कामे उरकलेली हवीत. कारण इंजिन लवकर पेटले नाही, तर सेल्फ मारत राहावे लागते आणि लावलेले वंगण पुसले जाते. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलावेत. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही, पाइप मऊ पडतो, चिरतो आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकते. अग्निशामक नळकांडे हाताशी हवे ते यासाठीच.

इंजिन पेटल्यावर ते मंद घुरघुरत ठेवायचे नसते. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील, तर साधारण वीस मिनिटे मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर रेस धरावी लागते. वेग कमी असला, तर क्रँकवरून कॅमशाफ्टवर उडणारे तेल अपुरे पडते आणि कॅमचे उंचवटे पहिल्याच दिवशी झिजू शकतात.

इंजिनाला हवीत ती ही वीस मिनिटेच माणसासाठी धोक्याची असतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. चोक ओढलेला असतो, पेट्रोल जास्त आणि हवा कमी, त्यामुळे जळण अर्धवट होते. अशा धुरात कार्बन मोनॉक्साइड काही टक्के असू शकतो. आणि श्वासाच्या हवेत हा वायू 0.12 टक्के असला, तरी ती हवा जिवाला तातडीने धोकादायक मानली जाते. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये हे प्रमाण गाठायला फार वेळ लागत नाही. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून शटर खाली ओढण्याचा चांगुलपणा इथे महागात पडतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते. उपाशीपोटी काम केल्याने पित्त झाले असेल, असे वाटते. मग गोंधळ उडतो, पायांतले त्राण जाते आणि दारापर्यंत जाण्याची शुद्धही राहत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवते. त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आकडा 98 दिसूनही रुग्ण गंभीर असू शकतो.

एकाच जागी काम करणाऱ्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर पित्त समजू नये. इंजिन बंद करून सगळ्यांनी बाहेर पडावे. कुणी कोसळले असेल, तर दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, 108ला फोन करावा आणि गाडीच्या धुराचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तासाभरात किंवा थोड्या अधिक वेळात. बरे वाटले म्हणून घरी जाऊ नये, गर्भवती आणि हृदयरुग्णांनी तर नाहीच.

आणखी दोन सवयी सोडायला हव्यात. टाकीतले पेट्रोल तोंडाने नळी ओढून काढू नये. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले, तर गंभीर न्यूमोनिया होतो. गिळले गेल्यास उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे. जुने ब्रेक आणि क्लचप्लेट यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

म्हणून पहिल्यांदा इंजिन चालू करायचे, तर गाडी ढकलत मोकळ्या अंगणात न्यावी. सायलेन्सरचे तोंड घरापासून आणि माणसांपासून दूर असावे, मुलांना लांब उभे करावे. एकाने तेलाच्या दिव्याकडे आणि तापमानाकडे, दुसऱ्याने गळतीकडे लक्ष ठेवावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कुणीही उघडू नये. इतके केले, की मग खुशाल सेल्फ मारावा.