मंचरचे चीज आणि बोरीचे दूध

दूध हा जिन्नस शेतकऱ्याला सवड देत नाही. कापूस घरात भरून ठेवता येतो, ज्वारी कणगीत राहते, बाजार पडला तर चार महिने थांबण्याची मुभा असते. परंतु सकाळी काढलेले दूध वेळेवर विकले गेले नाही, तर त्याच्या भावाविषयी बोलण्याचा अधिकारच धनी गमावून बसतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी आणि तिच्या पंचक्रोशीतील म्हैसवाल्यांना हे वेगळे सांगावयास नको. आणि म्हणूनच पुणे जिल्ह्यातील मंचर येथे तयार होणाऱ्या ‘गो’ चीजची हकीकत त्यांनी केवळ शहरी खाद्याची हकीकत म्हणून बाजूस सारू नये, असे मला वाटते.

ज्या काळी दुधाच्या पुष्टकाळात संकलन करणाऱ्या संस्था दूध घेण्यास सुट्टी जाहीर करीत आणि उत्पादकांच्या दारातील भरलेल्या कॅनांना कोणी वाली उरत नसे, त्या काळी, १९९२ साली, देवेंद्र शहा यांनी आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे पराग मिल्क फूड्सचा उद्योग सुरू केला. ‘गोवर्धन’ या नावाने तूप व इतर पदार्थ बाजारात स्थिरावल्यानंतर तेथे चीजचा मोठा कारखाना उभा राहिला आणि गाईच्या दुधाचे चीज ‘गो’ या नावाने विकले जाऊ लागले. जादा दुधाचे काय करावे, या एका प्रश्नातून हा सारा व्याप वाढला, हे त्याचे मर्म होय.

खुद्द प्रक्रियायुक्त चीजचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. स्वित्झर्लंडमधील थुन या गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११ साली एमेंटाल चीज सोडियम सायट्रेटसह तापवून एकजीव करण्याची युक्ती साधली, ती आपले चीज उष्ण देशांच्या प्रवासात टिकावे म्हणून. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ साली स्वतःच्या पद्धतीचे एकस्व मिळविले आणि पहिल्या महायुद्धात त्यांचे डबाबंद चीज सैन्याच्या रसदीत गेले. आपल्याकडे आणंदच्या सहकारी संघाने पुढे म्हशीच्या दुधापासून चीज करून दाखविले, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. कारण म्हशीच्या दुधात केसीन व कॅल्शियम अधिक असल्यामुळे त्याचे चीज कोरडे व घट्ट होते आणि सावकाश पक्व होते. गाईच्या दुधावर बेतलेली पाश्चात्य कृती तेथे जशीच्या तशी चालत नाही.

आता कृतीविषयी. तपासलेल्या दुधाचे पाश्चरीकरण करून त्यात उपकारक जीवाणूंचे विरजण घालतात व रेनेट मिसळून ते गोठवितात. हे रेनेट युरोपात परंपरेने वासराच्या जठरातून काढीत. आपल्या देशात मात्र सूक्ष्मजीवांपासून मिळविलेले वापरण्याचा प्रघात पडला, आणि त्यामुळेच शाकाहारी घरांचे दार या पदार्थाला उघडले. गोठलेल्या दुधाचे तुकडे करून निवळी काढून टाकतात, उरलेल्या भागास मीठ लावून तो साच्यांत दाबतात आणि थंड कोठारात महिनोन्‌महिने पक्व होऊ देतात. दहा लिटर दुधातून जेमतेम एक किलो चीज हाती येते. त्यानंतर कोवळे व जून चीज ठरावीक प्रमाणात किसून, पाणी आणि सायट्रेट वा फॉस्फेट वर्गातील क्षार घालून, ऐंशी अंशांच्या आसपास ढवळीत तापवितात. या क्षारांतील सायट्रेट वा फॉस्फेट केसीनला बांधून ठेवणारे कॅल्शियम हिरावून घेते, मोकळे झालेले केसीन पाणी व स्निग्धांश दोन्ही धरून ठेवते, आणि एरवी तुपकट होऊन फाटले असते ते मिश्रण गुळगुळीत, एकसंध होऊन गरम असतानाच वेष्टनात भरले जाते. उष्णतेने जीवाणू मरतात, पक्व होण्याची क्रिया थांबते आणि माल दीर्घकाळ एकाच चवीचा राहतो. चवीचे वैविध्य यात लोपते, हा युरोपातील जाणकारांचा आक्षेप खरा आहे. पण टिकाऊपणाची किंमत म्हणून तो उणेपणा मला मान्य आहे. बाजूस काढलेली निवळीही फुकट जात नाही. तिच्यातून प्रथिनांची भुकटी निघते.

बोरीस उद्याच चीजचा कारखाना निघावा, असा माझा आग्रह नाही. तितके दूध, तितकी वीज आणि तितके भांडवल हा मोठा मामला आहे. परंतु मराठवाडी म्हैस याच मुलखाची आहे, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. दूध उत्पादकांनी गावोगाव प्रथम शीतकरणाचा आणि फॅट तपासणीच्या चोख हिशेबाचा बंदोबस्त करून घ्यावा, आणि या म्हशीच्या दुधाचा कोणता पदार्थ येथे परवडेल याची रीतसर तपासणी करण्याची मागणी घेऊन विद्यापीठाच्या दारी जावे.