खेळतं भांडवल, मलूल पोर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या कापडाच्या दुकानात नव्या वह्यांवर हळदकुंकू वाहिलं, की वडील दरवर्षी तेच सांगायचे: भांडवल खेळतं पाहिजे. उधारीत गेलेल्या रकमेला ते ‘अडकलेला पैसा’ म्हणत. पुढे वाणिज्य शाखेत शिकताना कळलं, की याच भांडवलाला इंग्रजीत ‘वर्किंग कॅपिटल’ म्हणतात. इंग्रजीत जो पैसा काम करतो, तो मराठीत खेळतो. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे: ‘खेळ’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता?

शाळेत कुणी विचारलं असतं तर ‘काम’ किंवा ‘अभ्यास’ असं आम्ही एका दमात सांगितलं असतं. पण आपली भाषा ते मान्य करत नाही. वर्षाच्या बोलीवर शेतात राबतो तो सालगडी, आणि कबड्डीच्या मैदानात बाद होतो तोही गडीच. मंगळागौरीला बायका नाचवतात ते सूप आणि फुंकतात ती घागर, दोन्ही रोजच्या राबत्यातल्या वस्तू. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द शिक्षणाचा; आपल्याकडे कोल्हापूरचे पैलवान घाम गाळतात ती तालीम आणि नाटकवाले करतात तीही तालीमच. लॅटिनमध्येसुद्धा ‘लुडुस’ हा एकच शब्द खेळालाही चालतो आणि शाळेलाही.

या प्रश्नाचा फार खोलवर विचार केला तो योहान हौझिंगा या डच इतिहासकाराने, आणि त्यांची सुरुवात संस्कृतपासून झाली होती याचं मला मोठं अप्रूप वाटतं. १८९७ साली ग्रोनिंगन विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला तो संस्कृत नाटकातल्या विदूषकावर. नंतर १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ हे खेळावरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यात एक अख्खं प्रकरण निरनिराळ्या भाषांमधल्या खेळाच्या शब्दांवर आहे. त्यांचं निरीक्षण असं, की खेळासाठीचे शब्द स्वतःच्या बळावर उभे असतात; गंभीरपणासाठीचे शब्द मात्र मागाहून, गरजेपुरते आलेले दिसतात. गांभीर्य खेळाला दाराबाहेर ठेवतं, खेळ मात्र गांभीर्याला सहज पोटात घेतो. श्वास रोखून चढाईला गेलेल्या खेळाडूचा चेहरा पाहिला की हे पटतं.

हौझिंगांनी आणखी एक फरक केला, आणि तो आपल्या गल्लीतल्या पोरांना पाठ आहे. लबाडी करणारा निदान खेळत असल्याचं दाखवतो, म्हणून त्याला माफी मिळते. खेळच नाकारणाऱ्याला ती मिळत नाही. मराठीत पहिला ‘रडी खातो’, दुसरा ‘डाव मोडतो’. रडी खाणाऱ्याशी भांडून पुन्हा राज्य ठरवता येतं. डाव मोडणारा निघून गेला, की अंगणात आखलेल्या रेघा नुसत्या रेघा उरतात.

संस्कृतकडे वळलं तर गुंता वाढतो, आणि मला तो फार आवडतो. धातुपाठात ‘दिव्’ धातूचे दहा अर्थ दिले आहेत. त्यांत पहिला क्रीडा. पुढे जिंकण्याची इच्छा येते, मग व्यवहार, आणि अगदी शेवटी गती. खेळ, व्यवहार आणि हालचाल एकाच धातूच्या पोटात! ‘द्यूत’ याच धातूचं, आणि दिवाळीतल्या बलिप्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ हे नावही त्यामुळेच पडलं. पण द्यूताला विरोधी काय, याचं उत्तर ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातल्या ३४व्या सूक्तात सापडतं. बेहड्याच्या फळांच्या फाशांनी नादावलेला जुगारी तिथे आपली दैना सांगतो: बायको दुरावली, आई झुरते आहे, कर्जाची धास्ती आहे. शेवटी त्याला सल्ला मिळतो तो फासे टाकून शेत नांगरण्याचा. म्हणजे जुगाराच्या उलट शेती. तरीही पावसावर सगळं लावून बसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे पाहिलं, की ही जोडी तितकी सरळ राहत नाही.

‘लीला’ या शब्दाचा विरोध कामाशीही नाही आणि शेतीशीही नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात शंका येते, की ईश्वराला काहीच मिळवायचं नसेल तर त्याने जग निर्माण का केलं? उत्तर येतं: लीला म्हणून. इथे लीलेच्या समोर उभं आहे ते ‘प्रयोजन’. चक्रधरांच्या आठवणी गोळा करताना म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’तल्या प्रत्येक प्रसंगाला ‘लीळा’ म्हटलं. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ खेळाचंच नाव घेऊन आला आहे.

फ्रॉइडने १९०८ च्या एका निबंधात म्हटलं होतं, की मुलाच्या खेळाच्या विरुद्ध गांभीर्य नसतं, वास्तव असतं. भातुकलीतली पोरं ‘खोटं-खोटं’ आणि ‘खरं-खरं’ हा भेद अचूक पाळतात. मातीचा लाडू कौतुकाने ‘खातात’, पण तोंडात घालत नाहीत.

ब्रायन सटन-स्मिथ या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या अभ्यासकाने आयुष्यभर मुलांचे खेळ अभ्यासले. १९९७ मध्ये आलेल्या ‘दि अँबिग्विटी ऑफ प्ले’ या पुस्तकात त्यांनी खेळाच्या विरुद्ध टोकाला कामाला बसवलं नाही, तिथे नैराश्य बसवलं. हे वाचलं तेव्हा मला वडिलांची वही आठवली. हवा खेळायची थांबली की घर कोंदट होतं. पाणी खेळायचं थांबलं की साचतं. पैसा अडकतो. माणसाच्या बाबतीत आपण ‘मन लागत नाही’ म्हणतो. आणि लहान मुलासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: मलूल.

माझी मुलगी दोन वर्षांची असताना तिला सणकून ताप भरला होता. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला आणि तापाचा आकडा सांगू लागलो. त्यांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, ‘खेळतेय का?’ ती खेळत नव्हती. रात्रभर आजीच्या मांडीवर मलूल पडून होती. पहाटे ताप उतरला. आजीने पेजेची वाटी पुढे केली, तर तिने पेज बाजूला सारली, चमचा उचलला आणि वाटीवर वाजवायला सुरुवात केली.