तुरीवरचा कोळी आणि त्याच्या नावाची सनद

कार्तिकाच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीवर, दारव्हा-दिग्रसपासून राळेगाव-वणीपर्यंत, कपाशीच्या वावरांत मधून मधून पेरलेल्या तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांनी भरून जातात; आणि अशा फुललेल्या ओळीत एखादे झाड असे आढळते की ज्याची पाने बारीक, फिकट आणि हिरव्या-पिवळ्या छटांनी चितारलेली असून फांद्यांचा झुबका होऊन ते दाट झुडपासारखे झालेले असते, परंतु ज्यावर ना फूल असते ना शेंग. कास्तकार त्याला वांझ तूर म्हणतो. हे झाड मरत नाही, वाळत नाही, उलट शेजारच्या झाडांची शेंग पक्व होऊन पाने गळू लागली तरी ते हिरवेच राहते. पेरणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात लागण झाली, तर त्या झाडाचे उत्पन्न जवळजवळ सगळेच बुडते.

या वांझ रोगाची शास्त्रीय नोंद १९३१ साली बिहारातील पुसा येथून मित्र यांनी प्रथम केली. रोग झाडावरून झाडावर नेणारा वाहक एक अतिसूक्ष्म कोळी आहे, हे सेठ यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. १९६६ मध्ये बंगळूरच्या हेब्बाळ येथील कृषिविज्ञान विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या, भारतीय एरिओफिड कोळ्यांवरील आपल्या ग्रंथात जी. पी. चन्नबसवण्णा यांनी त्याचे यथासांग वर्णन केले आणि ‘असेरिया कॅजानी’ हे नाव मुकर्रर केले. कोळ्याच्या मुखावाटे झाडात शिरणारा विषाणू मात्र पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतील कामातून २००३ साली समोर आला. या चार टप्प्यांपैकी तिसऱ्याचा, म्हणजे वर्णनाचा, गौरव सर्वांत कमी होतो. रोग शोधणाऱ्याचे आणि विषाणू ओळखणाऱ्याचे नाव घेतले जाते, परंतु जीवाला ओळख देणारा विद्वान ग्रंथालयातील फडताळापुरताच उरतो. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण पुढच्या सर्व ज्ञानाचा आधार त्या वर्णनातच असतो.

कोळी हा कीटक नव्हे. तो जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या आणि गोचिडीच्या कुळातला; पूर्ण वाढ झालेल्या अवस्थेत या वर्गाला सामान्यतः पायांच्या चार जोड्या असतात. परंतु तुरीवरचा कोळी ज्यांत मोडतो त्या एरिओफिड कोळ्यांना जन्मभर पायांच्या दोनच जोड्या असतात आणि त्यामागे अळीसारखे लांबट, असंख्य वलयांनी आवळलेले शरीर असते. तुरीवरच्या या जातीची लांबी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाच्या आतबाहेर भरते, त्यामुळे उघड्या डोळ्यांना तो दिसणे जवळजवळ अशक्यच. पानाच्या पाठीवर तो राहतो, स्वतः फारशी दृश्य हानी करीत नाही, वाऱ्याबरोबर एका वावरातून दुसऱ्या वावरात जातो आणि तूर व तिच्या काही रानटी सोयऱ्यांखेरीज अन्यत्र सहसा नांदत नाही. रोगट पानावर पंधरा मिनिटे रस शोषला की विषाणू त्याच्यात येतो, निरोगी पानावर दीड तास घालवला की तो झाडात उतरतो. आणि हे कार्य पार पाडण्यास एकच कोळी पुरेसा होतो.

अशा जीवाची नवी जात वर्णन करणे ही विद्या तर आहेच, परंतु त्याहून अधिक ती हाताची कारागिरी आहे. आरंभ होतो तो झाडापासून. एरिओफिड कोळी बहुधा एकाच वनस्पतीशी किंवा तिच्या निकटच्या आप्तांशी बांधलेले असल्यामुळे, ज्या झाडावर तो सापडला त्याची ओळख चुकली तर पुढचे सारे काम व्यर्थ होते. म्हणून पाने-फुलांसह फांदी दाबून, वाळवून, तिचा नमुना स्वतंत्र जपावा लागतो. नंतर पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, केसाच्या अथवा अतिबारीक सुईच्या टोकाने एक एक कोळी उचलायचा, लॅक्टिक आम्लात ठेवून त्याचे शरीर पारदर्शक करायचे आणि काचेच्या पट्टीवर द्रावणाच्या थेंबात बसवायचे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या होयरच्या द्रावणात पन्नास मिलिलिटर पाण्यामागे तीस ग्रॅम डिंक, दोनशे ग्रॅम क्लोरल हायड्रेट आणि वीस मिलिलिटर ग्लिसरीन असते. कोळी उताणा, पालथा आणि कुशीवर अशा तिन्ही अवस्थांत हवा असतो. त्या अवस्थेत तो बसावा म्हणून वरची काच सरकवताना हाताचा दाब किती असावा हे पुस्तकात सांगता येत नाही, ते गुरूजवळ बसूनच शिकावे लागते. पट्टी मंद उष्णतेवर काही दिवस सुकली, म्हणजे खरे निरीक्षण सुरू होते.

पाठीवरच्या ढालीवर कोणत्या रेषा आहेत, त्या अखंड आहेत की खंडित. पायाच्या टोकाशी असलेल्या पिसासारख्या नखराला शाखांच्या किती जोड्या आहेत. जननद्वारावरील झाकणावर किती उभे कंगोरे उमटले आहेत. पाठीकडील वलये किती आणि पोटाकडील किती. प्रत्येक रोम कोठून उगवतो आणि किती मायक्रोमीटर लांब आहे — ही सर्व गणना एका मादीवर नव्हे, तर अनेक माद्यांवर करून, प्रत्येक मापाची कमाल आणि किमान मर्यादा लिहावी लागते. त्यानंतर चित्रण. छायाचित्रणाची एवढी प्रगती झाली तरी या शास्त्रात हाताने काढलेले रेखाचित्र अद्याप प्रमाण मानले जाते, कारण काचेखाली वेगवेगळ्या खोलीवर दिसणाऱ्या गोष्टी चित्रकाराचा हात एका प्रतलावर आणू शकतो. व्हिएन्नाचे आल्फ्रेड नालेपा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्राण्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया घातला, आणि कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटो येथे हार्टफर्ड कीफर यांनी १९३८ पासून आपल्या लेखमालेत एकामागून एक जाती रेखाटल्या; त्यांच्या रेखाचित्रांची घडण पुढच्या अभ्यासकांनी आदर्श म्हणून स्वीकारली.

एवढे झाले तरी जात नवी आहे हे सिद्ध होत नाही. त्या प्रजातीतील आणि त्या वनस्पतिकुळावरील आजवर वर्णिलेल्या सर्व जातींशी तुलना करून भेद दाखवावा लागतो. मग एका मादीला आदर्श नमुना म्हणून नेमायचे, तो कोणत्या मान्यताप्राप्त संग्रहात ठेवला हे लिहायचे, आणि जिल्हा, तालुका, गाव, तारीख, झाड, संकलक ही हकीकत नोंदवायची. जमिनीच्या तंट्यात ज्याप्रमाणे शेवटी मूळ मोजणीचा नकाशाच दप्तरातून काढावा लागतो, त्याप्रमाणे जातीबद्दल शंका उपस्थित झाली की ही एकच काचपट्टी निर्णायक ठरते. आपल्या देशात असे नमुने जतन करणाऱ्या संस्थांत १९१६ साली स्थापन झालेली कोलकात्याची भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था अग्रगण्य आहे.

वर्णनाची किंमत किती, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. गव्हाच्या पानांच्या कडा वळवून विषाणू पसरविणाऱ्या कोळ्याला जगातील शास्त्रज्ञ दीर्घकाळ कांदा-लसणावरील ‘असेरिया ट्युलिपी’ समजत होते. १९६९ मध्ये कीफर यांनी गव्हावरील ‘असेरिया टोसिचेला’ या जातीचे वर्णन केल्यानंतरही तो घोळ पुष्कळ वर्षे निस्तरला नाही. एका पिकावरील निष्कर्ष दुसऱ्यावर लादले गेले. उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशाचे आहे. कोइमतूर येथील नारळाच्या पानांवरून स्टॅन्ले हर्स्ट यांनी १९२४ साली ‘राओइएला इंडिका’ या तांबड्या कोळ्याचे वर्णन केले. ऐंशी वर्षांनी, २००४ मध्ये, कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर ताडवर्गीय झाडे ग्रासणारा एक कोळी अकस्मात आढळला, तेव्हा तो कोण आणि कोठला हे त्या जुन्या वर्णनाच्या आधारे सांगता आले.

यवतमाळला या ओळखीची गरज इतरांहून अधिक आहे, असे मी आग्रहाने म्हणतो. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात कित्येक शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले. ते दुःख अजून ओले आहे. कोळी कीटक नसल्यामुळे अनेक कीटकनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात, आणि पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांनी तर कोळ्यांना खाणारे शत्रूच मरून कोळ्यांचा उपद्रव वाढल्याचे वारंवार दिसून आले आहे. शत्रू कोण हे न जाणता फवारलेला प्रत्येक पंप म्हणजे पैशाची नासाडी, आणि फवारणाऱ्याच्या जिवाला विनाकारण धोका.

वांझ रोगावर तोडगा निघाला तोही फवारणीतून नव्हे. वाहक निश्चित झाल्यामुळे परीक्षणाची रीत बसवता आली: यशवंत नेने आणि रेड्डी यांनी १९७६ मध्ये सुचविल्याप्रमाणे कोळी असलेले रोगट पान निरोगी रोपाच्या कोवळ्या पानावर दुमडून टाचणयंत्राने जोडायचे, कोळी आपोआप उतरतात आणि कोणता वाण टिकतो ते थोड्याच काळात कळते. अशा चाचण्यांच्या बळावर ‘आशा’ हा वाण प्रतिकारक ठरला, आणि जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने ‘बीएसएमआर ७३६’ व ‘बीएसएमआर ८५३’ हे वाण दिले. ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कक्षेत बदनापूर येते, त्याला आज पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांचे नाव आहे, ही गोष्ट यवतमाळकरांना ममतेची वाटेल.

तूर हे पीक मोठे, म्हणून तिच्या कोळ्याकडे लक्ष गेले. करंजाच्या पानांवर बोटांसारख्या उभ्या राहणाऱ्या गाठी ‘असेरिया पोंगामिई’ या कोळ्यामुळे येतात, हेही कीफर यांनी १९६६ सालीच वर्णनबद्ध केले. परंतु टिपेश्वरच्या सागवनात, पैनगंगेच्या काठच्या रानात, धुऱ्यावरच्या बोरी-बाभळींवर जे फुगे, लव आणि सुरकुत्या पानापानांवर दिसतात, त्यांच्याकडे थांबून पाहणारे डोळे फार थोडे आहेत. हे काम प्रचंड यंत्रसामग्रीचे नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन गाठी आलेल्या पानांची एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक पानाबरोबर झाडाचे नाव, मौजा, तालुका, तारीख आणि संकलकाचे नाव न चुकता लिहावे. आणि ते नमुने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना किंवा पुण्यातील प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राला दाखवावेत. पाऊस सरल्यानंतरचे दोन-तीन महिने या संकलनास सोयीचे असतात, आणि प्रारंभ करंजापासून करावा, कारण त्याच्या गाठी विद्यार्थ्याला भिंगाशिवायही ओळखता येतात.