अंगणातला ओक आणि ऑक्टोबरचे वादळ
जुन्या झाडांची निगा कशी राखावी, याचा ब्रिटनने घेतलेला धडा

- विशेष प्रतिनिधी

१९८७ साली १५ ऑक्टोबरची रात्र सरत असताना दक्षिण इंग्लंडवर असे काही वादळ कोसळले की, त्याची आठवण तेथील जुनी माणसे आजही काढतात. किनारपट्टीवर काही ठिकाणी वाऱ्याचे झोत ताशी १६० किलोमीटरच्याही पुढे गेले. ब्रिटनमध्ये १८ जणांचा बळी गेला आणि एका रात्रीत सुमारे दीड कोटी झाडे आडवी झाली. 'सात ओक' असा ज्याच्या नावाचा अर्थ, त्या सेव्हनओक्स गावात क्रिकेटच्या मैदानाशेजारी १९०२ साली लावलेल्या सात ओकपैकी सकाळी एकच उभा होता.

पश्चिमेकडून येणारी वादळे ब्रिटनला नवी नाहीत. तरीही त्या रात्री एवढी हानी झाली, त्याला तीन कारणे एकत्र आली. शरद ऋतू असूनही बहुतेक झाडांची पाने गळायची होती, त्यामुळे प्रत्येक झाड शिडासारखे वारा अडवीत होते. आधीच्या दिवसांतील पावसाने जमीन भिजून मऊ झाली होती. आणि दक्षिणेतल्या झाडांना एवढ्या वेगाच्या वाऱ्याची सवय नव्हती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे साधे गणित त्या रात्री घरोघरच्या बागांत प्रत्यक्ष दिसले.

यानंतर स्वाभाविकपणे भीतीची लाट आली. घराजवळचे जुने झाड म्हणजे संकट, अशी अनेकांची समजूत झाली. पण लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानात घडलेल्या एका घटनेने विचारांची दिशा बदलली.

हललेल्या ओकची गोष्ट

क्यूमध्ये १७९८ साली लावलेला 'टर्नर्स ओक' नावाचा वृक्ष वादळापूर्वीच खंगलेला होता. फांद्या विरळ, पाने निस्तेज. वादळाने तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा त्याच जागी आदळला. उद्यानाचे सुमारे ७०० वृक्ष त्या रात्री गेले होते. त्यामुळे उन्मळलेल्या झाडांची व्यवस्था लावण्यातच कर्मचाऱ्यांचे दिवस जात होते. टर्नर्स ओकला टेकू देऊन तसेच ठेवण्यात आले.

सुमारे तीन वर्षांनी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा मरणाच्या वाटेवरचा हा वृक्ष टवटवीत झाला होता. पुढे क्यूच्या वृक्षविभागाचे प्रमुख झालेले टोनी कर्कहॅम आणि त्यांचे सहकारी यांनी याचा उलगडा केला. वर्षानुवर्षे प्रेक्षकांच्या पावलांनी मुळांवरची माती चेचली जाऊन टणक झाली होती. मुळांना ना हवा मिळत होती, ना पाणी मुरत होते. वादळाच्या हिसक्याने ती माती भुसभुशीत झाली आणि मुळांनी पुन्हा श्वास घेतला. त्यानंतर क्यूमध्ये उच्च दाबाचा झोत जमिनीत सोडून माती मोकळी करण्याचे आणि बुंध्याभोवती लाकडी चुऱ्याचे रुंद अळे करण्याचे तंत्र रुळले. वृक्षतज्ज्ञांमध्ये आज ही पद्धत सर्वत्र परिचित आहे.

आधी जमीन, मग फांद्या

जुन्या झाडाची निगा म्हणजे छाटणी, ही सर्वांत रूढ चूक. झाडाची बहुतेक मुळे खोलवर जात नाहीत. ती वरच्या साधारण ६० सेंटिमीटर ते एक मीटर थरात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळे तर अगदी वरच्या थरात असतात. त्यामुळे मोटारीसाठी केलेली फरसबंदी, पाइपसाठी खणलेला चर किंवा बुंध्याभोवती टाकलेली भर यांचे दुष्परिणाम तात्काळ दिसत नाहीत. पाच-दहा वर्षांनी झाड वादळात पडते आणि दोष वाऱ्यावर जातो.

ब्रिटनमध्ये बांधकामाच्या वेळी झाडाभोवती किती जागा राखायची, याचे मानक आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास असेल, त्याच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ सुरक्षित ठेवावे लागते. म्हणजे ८० सेंटिमीटर व्यासाच्या ओकसाठी ९ मीटर ६० सेंटिमीटर. घरमालकासाठी उपाय याहून सोपे आहेत. झाडाखालचे गवत काढून तेथे लाकडाचा चुरा किंवा पाचोळा ५ ते १० सेंटिमीटर जाडीचा पसरावा. मात्र तो बुंध्याला टेकू देऊ नये, नाहीतर साल कुजते. मुळांवर वाहने उभी करू नयेत.

जखम भरत नाही, कोंडली जाते

छाटणीबाबतचा दृष्टिकोन बदलण्याचे श्रेय अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांना जाते. १९७० च्या दशकात त्यांनी मांडले की, माणसाच्या त्वचेसारखी झाडाची जखम भरून येत नाही. जखमी भागाभोवती झाड अडसर उभे करते, कूज आत कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. म्हणून फांदी कापताना तिच्या मुळाशी असलेले फुगीर कडे शाबूत ठेवले पाहिजे. खोडाला सपाट घासून कापले तर हा अडसरच नाहीसा होतो. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासण्याची जुनी पद्धतही कूज थांबवीत नाही, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले.

सर्वांत घातक म्हणजे शेंडा सरसकट उडविणे. त्यामुळे एकाच वेळी मोठ्या जखमा होतात, साठवलेले अन्न संपते आणि कापलेल्या टोकांवर दाटीने नवे फुटवे येतात. या फुटव्यांची पकड वरवरची असते. काही वर्षांनी तेच जड होऊन वादळात निखळतात. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेली छाटणीच धोका निर्माण करते.

खरा उपाय झाडाकडूनच शिकता येतो. वृद्ध ओक आपला घेर स्वतःच आवरता घेतो. शेंड्याच्या फांद्या वाळतात आणि खाली नवा, आटोपशीर पर्णसंभार तयार होतो. हे मरण नव्हे, म्हातारपणाचे शहाणपण आहे. जाणकार वृक्षतज्ज्ञ याच क्रियेची नक्कल करतात. बाहेरच्या टोकांची थोडी थोडी छाटणी अनेक वर्षांत विभागून केली जाते. उंची किंचित कमी झाली, तरी वाऱ्याचा मुळांवरचा ताण बराच घटतो.

ढोली म्हणजे मृत्यू नव्हे

पोकळ खोड पाहून माणसे घाबरतात. परंतु खोडाची ताकद मुख्यतः बाहेरच्या कड्यात असते. भिंतीची जाडी त्रिज्येच्या ३० टक्के उरली असली, तरी वाकण्याला होणारा विरोध गणिताने सुमारे २४ टक्केच कमी होतो. अट एवढीच की, ते कडे सलग असले पाहिजे. त्याला मोठे भगदाड किंवा चीर पडली असेल तर हिशेब बदलतो.

धोक्याच्या खऱ्या खुणा वेगळ्या आहेत. बुंध्याशी किंवा मुळांवर उगवलेल्या अळंब्या, मुळांच्या बाजूला जमिनीत पडलेली ताजी भेग, अलीकडेच वाढलेला कल, दोन जाड खोडांच्या बेचक्यात दबलेली साल. यांपैकी काही दिसल्यास तज्ज्ञाला बोलवावे. ध्वनिलहरींच्या साहाय्याने खोडाच्या आतील कूज किती, हे झाड न कापता पाहता येते.

वाऱ्याची दिशाही महत्त्वाची. झाड ज्या वाऱ्याला तोंड देत वाढते, त्यानुसार आपले लाकूड आणि मुळे घडवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या 'आर्वेन' वादळाने स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये लाखो झाडे पाडली. तेथील झाडांना नैर्ऋत्येच्या वाऱ्याची सवय, आर्वेनचा वारा मात्र ईशान्येकडून आला होता. शेजारचे झाड किंवा भिंत काढल्यावर उरलेले झाड का पडते, याचेही कारण हेच. ज्या आडोशाच्या भरवशावर ते वाढले, तो आडोसाच गेलेला असतो.

कायदा काय सांगतो

आपल्या बागेतले असले, तरी ब्रिटनमध्ये प्रत्येक झाड मालकाला मनाप्रमाणे कापता येत नाही. स्थानिक प्रशासनाने संरक्षण आदेश काढलेल्या वृक्षाला हात लावण्यापूर्वी परवानगी लागते. संवर्धन क्षेत्रात सहा आठवडे आधी सूचना द्यावी लागते. दुसरीकडे, झाड पडून कोणास इजा झाली आणि मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती असे ठरले, तर जबाबदारी त्याच्यावर येते. त्यामुळे नियमित तपासणी आणि तिची लेखी नोंद दोन्ही अंगांनी उपयोगी पडते. तेथे जुनी घरे घेऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही, करवत लावण्यापूर्वी, घराबरोबर आलेल्या वृक्षावर असा आदेश आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील हवामान वेगळे, वृक्षही वेगळे. परंतु टणक माती आणि गुदमरलेली मुळे दोन्हीकडे सारखीच. राज्यातील शहरी वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'हेरिटेज' वृक्षांचे स्थान मिळाले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीच्या आवारातील जुन्या झाडाच्या फांद्या उतरवण्याचा ठराव करण्यापूर्वी बुंध्याभोवतीच्या फरशा किती जवळ आल्या आहेत, हे एकदा वाकून पाहायला हवे. टर्नर्स ओकला मोकळी माती मिळण्यासाठी वादळ यावे लागले. आपल्या झाडासाठी तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.