दुकानात कॉम्प्युटर दोन, प्रिंटर एक: दुसरा घेण्याआधी हे करून बघा



ऑनलाइन फॉर्मचं दुकान एका कॉम्प्युटरवर आणि एका प्रिंटरवर सुरू होतं. काम वाढलं की दुसरा कॉम्प्युटर येतो, त्यावर घरातलं कोणी नाहीतर कामाला ठेवलेला मुलगा बसतो. आणि लगेच नवीन कटकट सुरू होते. फाइल पेनड्राइव्हमध्ये घ्या, पहिल्या कॉम्प्युटरवर बसलेल्याला उठवा, प्रिंट द्या, परत या. गिऱ्हाईक तोवर घड्याळ बघतंय.

जुलै २०२४ आठवा. २८ जूनला लाडकी बहीण योजनेचा जीआर आला, पहिली मुदत १५ जुलै होती, ती पुढे ३१ ऑगस्ट झाली. त्याच महिन्यात एक रुपयात पीक विमा, शाळा-कॉलेजचे प्रवेश, उत्पन्नाचे दाखले. वाशिम असो की रिसोड, कारंजा असो की मानोरा, प्रत्येक केंद्रापुढे रांग होती. अशा दिवसांत एका प्रिंटमागे दोन मिनिटं पेनड्राइव्हच्या फेरीत गेली आणि दिवसाला ६० प्रिंट धरल्या, तर दोन तास फुकट गेले. त्या दोन तासांत किती फॉर्म झाले असते, तुम्हीच हिशोब करा. म्हणून बरेच जण घाईत दुसरा प्रिंटर घेतात. मग दोन टोनर, दोन दुरुस्त्या, आणि सीझन संपला की एक मशीन धूळ खात पडतं.

एक गंमत सांगतो. ज्या इथरनेटवर आज जगभरातली ऑफिसं चालतात, ते १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेत जन्मलं. त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं, की अनेक कॉम्प्युटरना एकच महागडा लेझर प्रिंटर वापरता यावा. म्हणजे आपली अडचण जुनीच आहे आणि तिचं उत्तर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच आहे.

तुमचा प्रिंटर कोणता, ते आधी बघा

आपल्याकडच्या निम्म्या दुकानांत कॅननचा एलबीपी २९०० दिसेल. दणकट मशीन, १२-ए चा टोनर कुठेही भरून मिळतो, पण त्याला फक्त यूएसबी आहे, वाय-फाय नाही. असा प्रिंटर एका कॉम्प्युटरला जोडून तिथून दुसऱ्याला वाटून द्यावा लागतो. तुमच्याकडे वाय-फायवाला इंक टँक प्रिंटर असेल तर काम सोपं आहे, तो थेट राउटरला जोडायचा आणि दोन्ही कॉम्प्युटरवर ड्रायव्हर टाकायचा. एवढंच लक्षात ठेवा, की स्वस्तातले बरेचसे वाय-फाय प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क पकडतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ वेगळ्या नावाने चालू असेल तर प्रिंटरला ते नाव यादीत दिसणारच नाही. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन करून प्रिंटरचा आयपी कायमचा ठरवून टाका. लाइट जाऊन आली की नंबर बदलतो आणि काल चालणारा प्रिंटर आज ऑफलाइन दाखवतो, ही तक्रार त्यातूनच येते.

यूएसबीवाल्यांसाठी

दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर पाहिजेत. हे सांगायचं कारण, खेड्यातल्या कित्येक दुकानांत एक कॉम्प्युटर राउटरवर आणि दुसरा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. मग कितीही डोकं आपटा, ते एकमेकांना दिसत नाहीत. प्रिंटिंगला इंटरनेट लागत नाही, हेही समजून घ्या. नेट गेलं तरी राउटर चालू असेपर्यंत डाउनलोड करून ठेवलेला सातबारा दुसऱ्या टेबलावरून आरामात निघतो.

प्रिंटर ज्या कॉम्प्युटरला जोडलाय तो दिवसभर चालू राहणारा असावा. शक्यतो तो राउटरला केबलनेच जोडा. त्याची स्लीप सेटिंग बंद करा, कारण तो झोपला की प्रिंटरही झोपला. मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल पब्लिकचं प्रायव्हेट करा, आणि ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी व फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. नंतर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या टॅबवर 'शेअर धिस प्रिंटर'ला टिक, आणि नाव छोटं द्या, मध्ये जागा न सोडता.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर दाबा. दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि लगेच पहिल्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करा. प्रिंटर दिसेल, त्यावर डबल क्लिक.

बहुतेक जण अडकतात ते पासवर्डवर. विंडोज युजरनेम-पासवर्ड मागतं आणि आपण पिन टाकत बसतो. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. पहिल्या कॉम्प्युटरवर प्रिंटसाठी म्हणून एक वेगळा साधा युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या आणि तोच इथे टाकून 'रिमेंबर'ला टिक करा. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून टाका, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डचं शेअरिंग बऱ्याच ठिकाणी अडतं.

दुसरी अडचण ११बी नावाच्या एररची. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर ती गावोगावी दिसायला लागली, कारण प्रिंटिंगच्या सुरक्षेतलं भोक बुजवताना नियम कडक केले गेले. यावर रजिस्ट्रीत एक आकडा बदलायचा उपाय सगळीकडे फिरतो. त्याने काम होतं, पण बुजवलेलं भोक तुम्ही स्वतः परत उघडता. आधी दोन्ही कॉम्प्युटर अपडेट करा. नाही जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रिंटर मॅन्युअली ॲड करा: नवीन लोकल पोर्ट बनवायचा, त्यात कॉम्प्युटरचं आणि प्रिंटरचं नाव त्याच तिरप्या रेघांनी लिहायचं आणि ड्रायव्हर निवडायचा. रजिस्ट्रीला हात न लावता बहुतेक वेळा काम होतं.

गिऱ्हाइकाला वाय-फाय द्यायचं का?

"दादा, वाय-फायचा पासवर्ड सांगा ना," हे रोज ऐकाल. द्यायचाच असेल तर राउटरवर गेस्ट नेटवर्क चालू करा आणि तेवढाच द्या. मुख्य पासवर्ड दिला तर त्याचा मोबाइल तुमच्या प्रिंटरच्या आणि शेअर केलेल्या फोल्डरच्या गल्लीत येऊन उभा राहतो. तुमचा दुसरा कॉम्प्युटर मात्र चुकून गेस्टवर ठेवू नका, नाहीतर प्रिंटर दिसणार नाही.

हा मुद्दा हलका घेऊ नका. आपल्या दुकानातून दिवसभर लोकांचे आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले जातात. आधारवाल्यांचा, म्हणजे यूआयडीएआयचा, स्पष्ट सल्ला आहे की सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार डाउनलोड केलं तर काम झाल्यावर सगळ्या प्रती पुसून टाका. तो सार्वजनिक कॉम्प्युटर म्हणजे तुमचंच दुकान. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डखाली 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स'ला टिक असेल तर ती काढा. डाउनलोड फोल्डर रोज संध्याकाळी रिकामा करा, आणि शेअर करताना फक्त प्रिंटर शेअर करा, सगळा डी ड्राइव्ह नको. गावात आपला धंदा ओळखीवर चालतो. एखाद्या ताईंचं आधार भलत्याच्या मोबाइलमध्ये सापडलं, तर ती गोष्ट आठवडी बाजारापर्यंत पोचायला एक दिवस लागत नाही.

लाइटचं काय

राउटर आणि पहिला कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घ्या. लेझर प्रिंटर घेऊ नका. कागदावर पावडर पक्की करणारा त्याचा हीटर तापताना काहीशे वॅट एकदम ओढतो, छोटा यूपीएस बसतो. इंक टँकला वीज फार कमी लागते, तो इन्व्हर्टरवर चालतो.

म्हणून दुसरा प्रिंटर कधीच घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. लेझर आहे आणि लाइट रोज जाते, किंवा रंगीत फोटो-कार्डची मागणी आहे, तर दुसरा इंक टँक वाय-फायवाला घ्या, म्हणजे एक बिघडला तरी काउंटर बंद पडणार नाही. पण आधी एकाच प्रिंटरवर दोन्ही टेबलं जोडा आणि आठ दिवस वहीत दोन आकडे लिहा: दिवसाला किती पानं निघाली, आणि प्रिंटरपाशी किती वेळा थांबावं लागलं. दुसरा आकडा दोन-चारच्या वर गेला नाही तर ते दहा-पंधरा हजार सध्या खिशातच राहू द्या.